फोन नवा, वाय-फाय मात्र रेंगाळलेलं!

मैत्रिणींनो, नवा फोन घरात येतो तेव्हा त्याचं कौतुक अगदी नव्या सुनेसारखं होतं, आणि चार दिवसांनी तक्रारी सुरू होतात त्याही तशाच! हप्त्यांवर घेतलेला महागाचा फोन. पण ओट्याशी उभं राहून एखादी कृती बघायला जावं, तर पडद्यावरची चकती आपली गरगर फिरतेच आहे. जुना फोन याच जागी बरा चालत होता की! मग घरातली मंडळी निकाल देऊन मोकळी होतात. कोणी म्हणतं फोनच खराब निघाला, कोणी म्हणतं दुकानदारानं फसवलं, आणि चिरंजीव म्हणतात, "आईला वापरता येत नाही." हे शेवटचं वाक्य जरा जास्तच लागतं, नाही का?

हा प्रश्न नुसत्या करमणुकीचा नाही बरं का. आपल्या उपनगरांत कितीतरी जणी घरून डबे देतात, शिकवण्या घेतात, मसाले-साड्या विकतात. त्यांची ऑर्डर येते फोनवर आणि पैसेही येतात फोनवरच. ऐन गर्दीच्या वेळी साडीचा फोटो पुढे सरकेना, पैसे जमा झाल्याचा निरोप दिसेना, की गिऱ्हाईक दुसरीकडे वळलंच म्हणून समजा. तेव्हा फोन परत करण्याआधी, किंवा दरमहा जास्त पैशांचा प्लॅन घेण्याआधी, दोष नेमका कुठे आहे ते आपलं आपणच शोधून काढू या.

त्यासाठी वेग मोजायला हवा. 'ट्राय' या दूरसंचार नियामक संस्थेचं 'मायस्पीड' नावाचं ॲप फुकट मिळतं. फोनचा मोबाईल डेटा बंद करा, वाय-फायच्या डब्यापासून, म्हणजे राउटरपासून, तीन-चार हातांवर उभ्या राहा आणि मोजा. मग स्वयंपाकघरात, मग आतल्या खोलीत. जुना फोन अजून घरात असेल तर त्यावरही हेच करा. दुपारी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा. दुधाचा हिशेब लिहितो तसे हे आकडे कॅलेंडरवर लिहून ठेवा. डब्याजवळ दोन्ही फोन झकास पळाले आणि आत जाताच मंदावले, तर दोष घराच्या रचनेत आहे. डब्याजवळसुद्धा दोन्ही रखडले, तर लाइन, प्लॅन नाहीतर जुनाट डबा यांपैकी काहीतरी बिघडलं आहे. डब्याजवळ जुना पळतो आणि नवाच अडतो असं दिसलं, तरच नव्या फोनकडे संशयानं बघा.

तिथेही लगेच घाबरू नका. नव्या फोनमध्ये पहिले दोन-तीन दिवस जुने फोटो, ॲप आणि निरोप उतरवून घेण्याचं काम आतल्या आत चालू असतं, आणि सगळी लाइन तेच खात असतं. रात्री चार्जिंगला लावून वाय-फाय चालू ठेवा, म्हणजे ते उरकेल. बॅटरी वाचवण्याची सोय किंवा एखादं व्हीपीएन चालू असेल तर बंद करून पाहा. वाय-फायचं नाव फोनमधून काढून टाकून पासवर्ड नव्यानं घातला, तरी पुष्कळदा गाडी रुळावर येते.

आता जुना फोन स्वयंपाकघरात चालायचा आणि नवा का चालत नाही, त्याचं कारण. घरातल्या वाय-फायच्या लहरी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात, २.४ गिगाहर्ट्झच्या आणि ५ गिगाहर्ट्झच्या. पहिली लांब जाते, भिंतीतून त्यातल्या त्यात बरी पार होते, पण वेग बेताचा. दुसरीचा वेग भरपूर, पण भिंत आडवी आली की तिचा जीव जातो. बऱ्याच जुन्या, स्वस्त फोनांना फक्त पहिली लहर पकडता येत असे, म्हणून ते रडतखडत का होईना, ओट्यापर्यंत पोचत. नवा फोन हौसेनं दुसरी पकडतो. हॉलमध्ये तो वाऱ्यासारखा पळतो, आणि तिलाच चिकटून आत गेला की धापा टाकतो. कधी उलटही होतं. हॉलमध्ये बसलं तरी फोन मंद लहरच धरून बसतो. यावर सोपा उपाय असा, की डब्याच्या सेटिंगमध्ये दोन्ही लहरींना वेगवेगळी नावं द्यायला लावा. मग हॉलमध्ये एक, स्वयंपाकघरात दुसरी, असं आपल्याला निवडता येतं. कंपनीचा माणूस पाच मिनिटांत करून देतो. फक्त त्याला तसं सांगावं लागतं, आपण होऊन तो करत नाही.

मुलुंड, बोरिवली, घाटकोपरला पुनर्विकासानंतर नव्या टॉवरमध्ये राहायला गेलेल्या मैत्रिणींनी पुढचं नीट वाचावं. जुन्या इमारतीत आतल्या भिंती विटांच्या असायच्या. नव्या टॉवरांपैकी पुष्कळ 'मायवान' पद्धतीनं बांधतात. ॲल्युमिनियमचे साचे उभे करायचे आणि भिंती अन् स्लॅब एकदमच काँक्रीटनं ओतायचे. म्हणजे खोली-खोलीमधल्या भिंतीसुद्धा लोखंड घातलेल्या काँक्रीटच्या. साधा खिळा ठोकायला ड्रिल मशीन आणावं लागत असेल, तर समजून जा! अशा दोन भिंती ओलांडता ओलांडता ५ गिगाहर्ट्झची लहर जवळजवळ संपून जाते. घर नवं, फोन नवा, आणि वाय-फाय मात्र जुन्या घरापेक्षा मंद, याचं कोडं बहुधा इथेच सुटतं. ताबा मिळाल्यावर फर्निचरचं काम काढाल, तेव्हाच हॉलपासून आतल्या खोलीपर्यंत लॅनची वायर टाकून घ्या. नंतर रंग खरवडून टाकायची म्हटलं तर सुताराइतकाच रंगाऱ्याचाही खर्च.

डबा कुठे बसवायचा, हे आपल्याकडे कोण ठरवतं? वायर घेऊन आलेला मुलगा. तो दारातून येतो, टीव्हीशेजारी खिळा मारतो आणि जातो. घरातल्या पुरुषमंडळींची टीव्हीची सोय झालेली असते, त्यामुळे कोणाची हरकत नसते. उरलंसुरलं काय ते स्वयंपाकघराच्या वाट्याला! खरं तर डबा घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर हवा. टीव्हीच्या मागे, चपलांच्या कपाटात किंवा फ्रिजवर नको. लोखंडी कपाट, मोठा आरसा, स्टीलच्या भांड्यांची मांडणी हे सगळे लहरी अडवतात. पाणीही अडवतं. पाण्याच्या वेळा सांभाळण्यासाठी आपण भरून ठेवतो ते पिंप किंवा माशांची काचेची पेटी मधे येत नाही ना, तेवढं पाहा. मायक्रोवेव्हची तऱ्हा आणखीच निराळी. तो चालतोच मुळी २.४५ गिगाहर्ट्झवर, म्हणून भाजी गरम करताना वाय-फाय अडखळतं. आणि डब्यावर हौसेनं क्रोशाचा रुमाल घालू नका. लहरी अडणार नाहीत, पण यंत्र तापेल. फायबरची बारीक वायर कपाटामागे चेपली किंवा काटकोनात वळवली, तरी वेग मार खातो.

फोनमध्ये वाय-फायच्या नावांची यादी उघडून पाहा. अंधेरीच्या दाटीवाटीच्या इमारतीत वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावं सहज दिसतील. २.४ च्या लहरीत एकमेकांच्या अंगावर न येणारी चॅनलं तीनच, १, ६ आणि ११. नळ तीन आणि हंडे पंचवीस, मग रात्री नऊला भांडण होणारच! ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा पुष्कळ आहे. २०१८ साली सरकारनं त्यातला मोठा भाग विनापरवाना वापरासाठी खुला केला. पण त्याचा फायदा घ्यायला डबा दोन्ही लहरींचा हवा. कंपनीनं कधीकाळी फुकट दिलेला डबा एकाच लहरीचा असेल, तर नवा फोन तरी काय करणार? तो बदलून मागा.

प्लॅनचं थोडक्यात सांगते. बिलावरचे १०० एमबीपीएस म्हणजे मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून फाइल उतरते ती सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइटनं. यात फसवणूक नाही, मापं दोन आहेत. मात्र बिलावर 'ब्रॉडबँड' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. २०२३ साली सरकारनं व्याख्या बदलली, तरी त्यात किमान वेग २ एमबीपीएसच धरला आहे. आपल्या प्लॅनचा आकडा कोणता, तो बघा.

बाजारात मिळणारा स्वस्तातला रिपीटर घाईनं आणू नका. एकाच लहरीवर घेणं आणि देणं दोन्ही करायचं, म्हणून त्यानं वेग साधारण निम्मा होतो. शिवाय बायका तो नेमका जिथे रेंज मुळीच नाही तिथे लावतात. तो लावायचा अर्ध्या वाटेवर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे. त्यापेक्षा लॅनच्या वायरीनं जोडलेला दुसरा डबा आतल्या खोलीत ठेवणं केव्हाही चांगलं.

डब्याजवळही वेग प्लॅनच्या पासंगाला पुरत नसेल, तर कंपनीकडे तक्रार नोंदवा आणि डॉकेट नंबर मागून घ्या. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे हा नंबर लागतो. कॅलेंडरवरचे आकडे तारीख-वेळेसकट वाचून दाखवा. तंत्रज्ञ घरी आला की तो हॉलमध्ये स्वतःच्या फोनवर मोजून "सगळं बरोबर आहे, ताई" म्हणतो आणि निघतो. त्याला चहा जरूर द्या, पण तो स्वयंपाकघरात बोलावून द्या, आणि तुमचा नवा फोन त्याच्या हातात ठेवून तिथेच मोजायला सांगा.