मासा पोचला, पण जगला काय?

जुलै-ऑगस्टमध्ये तळ्यांत पाणी साठले की गावोगावी मत्स्यबीजाच्या पिशव्या येऊ लागतात. टेंपो तळ्याकाठी उभा राहतो, पिशव्या मोजून घेतल्या जातात, चार प्रतिष्ठित मंडळी जमतात आणि कटला, रोहू, मृगळ यांची बोटभर पिल्ले पाण्यात सोडली जातात. पिल्ले क्षणभर काठाशी घुटमळून खोल पाण्यात नाहीशी होतात. ‘सर्व बीज जिवंत पोचले’ अशी नोंद होते आणि मंडळी समाधानाने घरी परततात. पुढे उन्हाळ्याच्या तोंडी जाळे ओढले असता अपेक्षेच्या चौथाई मासळीही हाती लागत नाही. मग कोणी चोरांना दोष देतो, कोणी तळ्यातील मरळ माशाला, तर कोणी पाण्यालाच. बीज आले त्या दिवसाकडे मात्र कोणाचेही लक्ष जात नाही. वास्तविक पुष्कळदा नुकसान त्याच दिवशी झालेले असते, फक्त ते दिसण्यास दोन-तीन दिवस लागतात. आणि तेव्हा तळ्याकाठी पाहणारे कोणी नसते. बारीक पिल्लू मेले तर बहुधा तळाशी जाते, कुजते किंवा खेकड्यांच्या तोंडी पडते.

या बाबतीत अमेरिकेतील एक उदाहरण ध्यानात घेण्याजोगे आहे. तेथे बास नावाच्या माशाची गळाने शिकार करण्याच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. 1972 सालापासून तेथील प्रमुख संस्थेने मासा मारू नये, वजन करून पुन्हा जलाशयात सोडावा, अशी प्रथा पाडली. त्यासाठी स्पर्धकाच्या नावेतच पाण्याचा हौद असतो व पंपाने त्यात हवा खेळविली जाते. सकाळी पकडलेला मासा दुपारी वजन होईपर्यंत त्यात ठेवावयाचा असतो. काट्यावर मेलेला मासा आला तर स्पर्धकाच्या वजनातून दंड म्हणून वजावट होते. या दंडामुळे काट्यावर येणारे मेलेले मासे पुष्कळ कमी झाले. परंतु सोडलेले मासे संशोधकांनी जाळीच्या पिंजऱ्यांत काही दिवस राखून पाहिले, तेव्हा असे आढळले की काट्यावरून तरतरीतपणे पोहत गेलेल्यांपैकी अनेक मासे पुढील काही दिवसांत मरतात. पाणी जितके ऊन, तितके हे प्रमाण अधिक. नियम काट्यापर्यंतचाच मासा पाहत होता. त्यापुढील माशाचा हिशेब त्यात नव्हता.

आपल्याकडील मत्स्यबीजाच्या व्यवहारात नेमके हेच घडत आहे. बीज देणाऱ्याची जबाबदारी पिशवी उतरविल्यावर संपते आणि घेणाऱ्याची मोजणीही तेथेच संपते. दोघेही प्रामाणिक असतात, तरी मधल्या मधे बीज मरते ते मरतेच.

पूर्वी असे नव्हते. 1957 साली ओडिशातील अंगुळ येथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प माशांचे प्रजोत्पादन यशस्वी केले. त्यापूर्वी या माशांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. बंगालमधील बीज मातीच्या हंड्यांत भरून रेल्वेने देशाच्या दूरदूरच्या भागांत जात असे. बरोबरचा माणूस रात्रभर हंडी हाताने हलवीत बसे, मेलेली पिल्ले काढून टाकी, मोठ्या स्टेशनावर पाणी बदली. त्या पद्धतीत मर पुष्कळ होई हे खरे, पण मासा मरतो आहे हे त्या माणसाच्या डोळ्यांसमोर असे. प्राणवायूच्या पिशवीने मोठीच सोय केली. तथापि पिशवीला गाठ पडली की माणूस निश्चिंत होतो, हा त्या सोयीचा एक तोटाही आहे.

पिशवीत नेमके काय घडते ते समजून घेतले तर पुढील गोष्टी आपोआप उलगडतात. साधारण अठरा लिटरच्या पिशवीत सहा लिटर पाणी व बारा लिटर प्राणवायू भरतात. तीस अंश सेल्सियस उष्णतेच्या पाण्यात दर लिटरला सुमारे साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, म्हणजे सहा लिटरमध्ये केवळ पंचेचाळीस मिलिग्रॅम. वरच्या बारा लिटर प्राणवायूचे वजन मात्र पंधरा ग्रॅमच्या आसपास भरते. पाण्यातील साठ्याच्या तीनशेपटींहून हे अधिक आहे. यावरून ‘माशाला पाणी भरपूर द्या’ म्हणून पिशवी पाण्याने भरणारा गृहस्थ माशाचे हित करीत नाही, हे उघड आहे. नीट भरलेल्या पिशवीत प्राणवायू सहसा लवकर संपत नाही. बिघडते ते पाणी. माशाच्या उच्छ्वासाचा कर्बवायू आणि कल्ल्यांवाटे व विष्ठेतून येणारा अमोनिया त्या सहा लिटरांतच साचत राहतो. म्हणून बीज भरण्यापूर्वी ते उपाशी ठेवावयाचे असते: बारीक बीज काही तास, बोटुकली एक दिवस. पोट रिकामे असले म्हणजे वाटेत घाण कमी होते. पुष्कळ ठिकाणी ही एक पायरी घाईपोटी गाळली जाते आणि मग दोष रस्त्याच्या खड्ड्यांना दिला जातो.

उष्णतेचा प्रश्न याहूनही बिकट आहे. पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो; वीस अंशांवर लिटरला नऊ मिलिग्रॅम मावणारा वायू तीस अंशांवर साडेसातच मावतो. उलट माशाची भूक, श्वास व मलोत्सर्ग ही सर्व उष्णतेबरोबर वाढतात. दोन्ही बाजूंनी कात्री लागते. अमेरिकन स्पर्धकांना नावेतील हौदात बर्फ टाकण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच. पण जलाशयाच्या पाण्याहून सुमारे पाच अंशांपेक्षा अधिक थंड करू नये असेही बजावले जाते, कारण उष्णतामानातील एकाएकी फरक माशास मानवत नाही. आपल्याकडे एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही. रात्री निघून पहाटे पोचावे, पिशव्यांवर ओले गोणपाट घालावे, टेंपोवर छप्पर असावे, एवढ्याने बरेच साधते.

हे सर्व केल्यावर तळ्याकाठी जे होते त्याबद्दल स्पष्टच लिहिले पाहिजे. बीज पहाटे पोचते, पण पाहुणे अकरा वाजता यावयाचे असतात. तोवर पिशव्या उन्हात मांडून ठेवलेल्या असतात. फोटोसाठी पिशवी हातात धरून ती वर उचलली जाते आणि वरून पिल्ले धो धो ओतली जातात. हा प्रकार बंद झाला पाहिजे. समारंभ करावयाचाच असेल तर तो रिकाम्या पिशव्यांनिशी करावा. पाहुण्यांना त्यात काही उणे वाटणार नाही.

योग्य रीत अशी की बंद पिशवी सावलीतल्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी. उन्हात तरंगविलेली पिशवी निवण्याऐवजी तापते, हे लक्षात असू द्यावे. पिशवी एकदा उघडली की दिरंगाई नको. बंद असताना साचलेल्या कर्बवायूमुळे पाणी आंबट असते व त्यात अमोनियाचे विष सौम्य राहते. तोंड उघडताच कर्बवायू उडून जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून उघडताच तळ्याचे पाणी थोडथोडे आत घेत जावे आणि दहा-एक मिनिटांत पिशवी आडवी धरून पिल्लांना आपण होऊन बाहेर पडू द्यावे. ओंजळीने किंवा कोरड्या फडक्याने मासे हाताळू नयेत. अंगावरचा बुळबुळीत थर व खवले निघाले की शरीरातील क्षार पाण्यात झिरपतात, जखमेवर कापसासारखी बुरशी चढते आणि मासा तिसऱ्या-चौथ्या दिवशी मरतो.

यावर काही जाणते तळेधारक म्हणतात की बीज स्वस्त आहे, पाचवा हिस्सा जादा सोडला की भरपाई होते. हा हिशेब फसवा आहे. किती मेले हेच ठाऊक नसेल तर किती जादा सोडावयाचे ते कशावरून ठरवावे? शिवाय खाद्य माशांच्या संख्येवर बेतलेले असते. दहा हजार समजून पेंड व भाताचा कोंडा टाकीत राहिलो आणि तळ्यात चारच हजार असले, तर उरलेले खाद्य कुजून पाणी नासवते आणि वाचलेल्यांनाही घेऊन जाते. ज्याने कर्ज काढून शेततळे केले आहे, त्याचे संबंध वर्ष त्यात जाते.

यास्तव मोजणीची जागाच बदलावयास हवी. मच्छरदाणीच्या कापडाचा मीटरभर लांब-रुंद चौकोनी हापा शिवून चार बांबूंना तळ्यात बांधावा. सोडण्याच्या वेळी निरनिराळ्या पिशव्यांतून मिळून शंभर पिल्ले मोजून त्यात ठेवावी व तिसऱ्या दिवशी जिवंत किती ते पाहावे. बीज पुरविणारा म्हणेल की तळ्याचेच पाणी वाईट होते. त्याच्या शंकेस जागा राहू नये म्हणून तळ्यातच आधीपासून असलेली थोडी लहान मासळी जपून पकडून शेजारच्या दुसऱ्या हाप्यात ठेवावी. ती सुखरूप असेल आणि आणलेले बीज मेले असेल, तर दोष बहुधा वाहतुकीचा अथवा हाताळणीचा आहे. दोन्ही हाप्यांत मर झाली तर मात्र पाणी तपासून घ्यावे.

मच्छीमार सहकारी संस्थांनी बीजाची काही रक्कम या तिसऱ्या दिवसाच्या मोजणीवर ठेवण्याचा करार करावा. पुरवठादार प्रारंभी कुरकुर करतील. पण ज्याचे बीज खरोखर टिकते त्याला यात तोटा नाही. ग्रामसेवकाच्या नोंदवहीत आज ‘पोचले’ असा एकच रकाना असतो, त्याशेजारी ‘तिसऱ्या दिवशी जिवंत’ असा दुसरा आखून घ्यावा. मोजणी सकाळी लवकर करावी. ऊन चढले की मेलेली पिल्ले हाप्याच्या तळाशी विरघळू लागतात आणि आकडा चुकतो.