एकच शिट्टी, एकच ताट

आमच्या क्रीडाविभागाच्या कपाटात ढाली आहेत, चषक आहेत. खेळाडूंच्या हिमोग्लोबिनची नोंद असलेली एकही वही नाही. स्मरणिकेत गौरवाची पाने असतातच. आम्ही येथे त्या नसलेल्या वहीविषयी लिहीत आहोत.

वसतिगृहात पहाटे साडेपाचला शिट्टी होते. बारा वर्षांचा मुलगा, सोळा वर्षांची मुलगी, कुस्तीगीर, लांब पल्ल्याची धावपटू, सर्वांना तेवढ्याच फेऱ्या आणि मागाहून तेवढाच नाश्ता. यालाच आपण समता समजत आलो. हेतू समतेचाच होता. शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो.

वयात येईपर्यंत मुलामुलींच्या हिमोग्लोबिनमध्ये फारसा फरक नसतो. पुढे मुलांचे वाढते आणि मुलींच्या शरीरातील लोह दरमहा पाळीतून जाते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 19 वयोगटातील 59.1 टक्के मुली रक्तक्षयग्रस्त आढळल्या. मुलांत हे प्रमाण 31.1 टक्के होते. (तोही काही अभिमानाचा आकडा नव्हे.) ‘हिच्यात दमच नाही’ म्हणून संघातून वगळलेली मुलगी पुष्कळदा आळशी नसते, तिचे रक्तच प्राणवायू पुरेसा वाहून नेत नसते. अशा किती मुलींना आम्ही मैदानाबाहेर बसवले, याची मोजदाद नाही.

खेळ बदलला की दुखणेही बदलते. लांब पल्ल्याच्या धावपटूचा ऊर्जेचा खर्च मोठा आणि ताट लहान असले, तर शरीर काटकसर करते आणि पाळी थांबते. काहींना ती कसून केलेल्या सरावाची खूण वाटते. वस्तुतः हाडे भरण्याच्या वयातच ती कमकुवत होऊ लागल्याची ती सूचना असू शकते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने 2014 मध्ये या ऊर्जा-तुटीला स्वतंत्र नाव दिले आणि ती पुरुष खेळाडूंनाही ग्रासते, हे स्पष्ट केले. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 ग्रॅम अधिक वजनामुळे विनेश फोगट अंतिम लढतीस मुकली, तेव्हा सारा देश हळहळला. वजनगटासाठी पाणी तोडणारी कोवळी मुले मात्र कोणाच्या नजरेस पडत नाहीत. कबड्डी-खोखोत अचानक वळताना गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा धोका मुलींना अधिक. आणि झपाट्याने उंच होणाऱ्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे गुडघ्याखालचे हाड दुखते, तो बहाणा नसतो. वाढत्या हाडावर पडलेला तो ताण असतो.

वर्षातून दोनदा रक्ततपासणी व्हावी. पाळीची नोंद मुलीच्या संमतीने, केवळ अधीक्षिकाबाईंकडे असावी. धावपटूंच्या ताटात अंडे, मोडाची कडधान्ये व लिंबू वाढावे, आणि जेवणाला लागून चहा देऊ नये. त्याने अन्नातील लोह नीट शोषले जात नाही. पालकांनीही सुटीत घरी आलेल्या मुलीला पदकाइतक्याच सहजपणे पाळीविषयी विचारावे.

माजी विद्यार्थी दरवर्षी ट्रॅकसूटसाठी निधी देतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. यंदा तो रक्ततपासणी व अंड्यांसाठी वापरण्याची अनुमती आम्ही मागत आहोत. गेल्या वर्षीचे ट्रॅकसूट अजून धड आहेत.