फॉल-बीडिंग

"आई, ठेवते आता. फॉल कलेक्शनचा शो सुरू होतोय."

पलीकडे दोन सेकंद शांतता. मग आईचा अगदी निरागस प्रश्न, "फॉल? साडीचा? बीडिंगपण करून देतात का गं तिथे?"

हसू नका. चूक आईची नाहीये. आपल्याकडे फॉल म्हणजे मॅचिंग सेंटरमध्ये मिळणारा, साडीच्या निऱ्यांना खालून शिवायचा तो कापडाचा पट्टा. पानगळ नावाचा सीझन मुंबईत येतोच कुठे? आपल्याकडे उन्हाळा, पावसाळा, ऑक्टोबर हीट आणि मग पंधरा दिवसांची ती गुलाबी का काय म्हणतात ती थंडी. तीही सकाळी साडेसातच्या लोकलमध्ये शिरलं की संपते. मग मुंबईत राहणाऱ्या, सेकंड क्लासचा पास असलेल्या मुलीने दर फेब्रुवारी-मार्चमध्ये रात्र रात्र जागून पॅरिस-मिलानचे ओव्हरकोट का बघावेत?

माझं उत्तर तयार आहे. आमच्या ऑफिसचा एसी!

माझं डेस्क बरोब्बर त्या झडपेखाली आहे. मे महिन्यात बाहेर डांबर वितळतंय आणि मी आत हात चोळत एक्सेल शीट भरतेय. अ‍ॅडमिनवाल्यांना सांगितलं की "मॅडम, सेंट्रलाइज्ड आहे" हे उत्तर ठरलेलं. त्यामुळे आमच्या मजल्यावर प्रत्येकीच्या खुर्चीच्या पाठीवर एक शाल, स्टोल किंवा बुजरं स्वेटर कायमचं मुक्कामाला असतं. हाच आपला फॉल, मंडळी. वर्षाचे बारा महिने, सोमवार ते शुक्रवार.

तर, ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्क, लंडन, मिलान, पॅरिस या क्रमाने फेब्रुवारी-मार्चमध्ये रॅम्पवर जे येतं ते त्या वर्षीच्या फॉल-विंटरचं. दुकानात ते यायला जुलै-ऑगस्ट उजाडतो. आपल्याकडे पूर्वी साधारण त्याच सुमाराला जे फॅशन वीक भरायचे त्यांच्या नावात ‘विंटर’सोबत ‘फेस्टिव्ह’ असायचं. अगदी बरोबर होतं ते. आपण थंडीसाठी कपडे घेत नाही, दिवाळी आणि लगीनसराईसाठी घेतो. पॅरिसच्या आणि आपल्या घड्याळात हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. तिकडचा रात्री आठचा शो म्हणजे इकडे साडेबारा. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली जी काळी वर्तुळं येतात, त्यांना मी स्मोकी आइज म्हणते.

आता इतक्या वर्षांच्या जागरणांतून डोक्यात काय उरलं? खरं सांगू? कपडे कमीच. उरल्या त्या गोष्टी.

मार्च 2014 चा शनेलचा शो घ्या. पॅरिसच्या ग्राँ पालेमध्ये कार्ल लागरफेल्डने चक्क सुपरमार्केट उभारलं होतं. शेल्फांवर रचलेल्या डब्या-बाटल्या, सगळ्यांवर शनेलची लेबलं. मॉडेल्स ट्वीडचे सूट आणि पायात स्नीकर्स घालून, ट्रॉली ढकलत, भाव बघत फिरतायत. हँडबॅगा तर थर्माकोलच्या ट्रेमध्ये प्लॅस्टिकने गुंडाळून ठेवलेल्या, मटणासारख्या! शो संपल्यावर बडे बडे पाहुणे त्या शेल्फांवर असे तुटून पडले, की महिन्याच्या पहिल्या रविवारी डी-मार्टमध्ये तांदळाच्या सेक्शनला मी जे बघते, तेच! फुकट मिळतंय म्हटलं की माणूस इथूनतिथून सारखाच. पण एक गोष्ट मनात बसली. उंची कपडे म्हणजे फक्त रिसेप्शनला हे समीकरण मोडलं. दळण आणायला जाताना जे घालावंसं वाटेल तेच खरं स्टाइलिश, असं तेव्हापासून माझं ठाम मत आहे.

हुसेन चालायनचा फेब्रुवारी 2000 चा शो मी खूप उशिरा, इंटरनेटवर पाहिला. रॅम्प नाही, स्टेजवर एक साधा दिवाणखाना. चार खुर्च्या, मध्ये गोल लाकडी टेबल. मॉडेल्स येतात, खुर्च्यांची कव्हरं काढून अंगात घालतात आणि त्यांचे ड्रेस होतात. खुर्च्या मिटून सुटकेसेस होतात. शेवटी एकजण त्या टेबलाच्या मधोमध उभी राहते, ते वर ओढते, आणि टेबलाचा घेरदार स्कर्ट! टाळ्या. मीही वाजवल्या. मग वाचलं की हा माणूस सायप्रसचा. तिथे 1974 मध्ये देश दुभंगला, लोकांना घरदार सोडून पळावं लागलं. पळताना घरातलं काय काय अंगावर घालून नेता येईल, हा त्या शोमागचा विचार. माझ्या टाळ्या तिथेच थांबल्या. नाशिकहून एक सुटकेस आणि एक गादी घेऊन मी पेइंग गेस्ट म्हणून आले, तेव्हा मला आपण केवढं काय सोडून आलोय असं वाटायचं. कमाल आहे ना?

हाच धागा पुन्हा दिसला 6 मार्च 2022 ला. युक्रेनवर हल्ला होऊन जेमतेम दहा दिवस झाले होते. बालेन्सियागाच्या शोमध्ये काचेच्या भिंतीपलीकडे खोटं हिमवादळ आणि त्यातून वाकून, धडपडत चालणारे मॉडेल्स. प्रत्येक खुर्चीवर निळ्या-पिवळ्या रंगाचा टी-शर्ट. डिझायनर डेम्ना स्वतः जॉर्जियाचा, लहानपणी युद्धामुळे घर सोडावं लागलेला. अंगावर काटा आला. आणि त्याच शोमध्ये मॉडेल्सच्या हातात कचऱ्याच्या पिशवीसारखी दिसणारी चामड्याची बॅग, किंमत 1790 डॉलर! म्हणजे आपले सव्वा लाखाच्या वर. मला एकाच वेळी रडूही आलं आणि संतापही. अजून ठरत नाहीये कुठलं खरं. बहुतेक दोन्ही.

आणि मग 30 मार्च 2023. पॅरिस चालत आपल्या दारात आलं. गेटवे ऑफ इंडियासमोर डिओरचा फॉल शो! 1924 मध्ये बांधून झालेल्या त्या कमानीला भलंथोरलं भरतकाम केलेलं तोरण. मी कुठे होते? हार्बर लाइनच्या लोकलमध्ये, कोणाच्या तरी कोपराखालून मोबाइलवर बघत. हिरव्या-जांभळ्या सिल्कचे घेर, मद्रास चेक्स, आरशाचं काम... शेजारी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, "हे तर आपलंच आहे की!"

काकू, लाख बोललात. पॅरिसच्या बड्या बड्या लेबलांवरची नाजूक भरतकामं कित्येक वर्षं मुंबईतल्या वर्कशॉपमध्ये होत आलीयेत. लाकडी अड्ड्यावर कापड ताणून, चारही बाजूंनी बसून कारागीर मंडळी एकेक मणी ओवतात. लेबलवर त्यांचं नाव नसतं. डिओरच्या तेव्हाच्या डिझायनर मारिया ग्राझिया क्युरीने हा शो केला तो मुंबईच्याच ‘चाणक्य’च्या साथीने. त्यांच्या शाळेत बायका भरतकाम शिकतात, जे काम इथल्या वर्कशॉपमध्ये पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचं मानलं गेलं. निदान त्या संध्याकाळी तरी नावं घेतली गेली. नाहीतर जून 2025 मध्ये काय झालं आठवतंय ना? प्रादाच्या मिलानमधल्या शोमध्ये थेट आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल अवतरली आणि कोल्हापूरचं नावच नाही. 2019 पासून जीआय टॅग असलेली चप्पल! आपल्याकडे जो गदारोळ झाला त्यानंतर कंपनीने उगम मान्य केला, आणि डिसेंबरमध्ये इथल्याच कारागिरांकडून चपला करून घेण्याचा करारही झाला. कधी कधी आरडाओरड्याचाही उपयोग होतो.

असो. मी आले होते कोटाकडे.

फेब्रुवारी 2023 च्या सॅँ लोराँच्या शोपासून माझ्या डोक्यात एकच भूत. खांदे! अँथनी व्हॅकरेलोने मुलींना असे रुंद, ताठ खांद्यांचे ब्लेझर घातले की दारातून आडवं व्हावं लागेल. खाली पेन्सिल स्कर्ट, बस्स. याच घराण्याने 1966 च्या फॉलमध्ये बायकांना पुरुषी टक्सिडो चढवला होता, ‘ले स्मोकिंग’ नावाचा, आणि तेव्हा लोकांच्या भुवया उंचावल्या होत्या. मला वाटलं, हे घालून मीटिंगला गेलं तर समोरचा मधेच तोडून बोलायची हिंमत करणार नाही. किंमत बघितली आणि लॅपटॉप बंद केला.

मग आठवलं, असे खांदे मी आधी पाहिलेत. नाशिकला, आईच्या कपाटात, डांबरगोळ्यांच्या वासात. बाबांचा कोट.

1983 मध्ये शिवलेला, राखाडी, जाड, खांद्यात भरपूर भराव. मुंबईतल्या एका मोठ्या कंपनीच्या इंटरव्ह्यूसाठी बाबांनी तो शिवून घेतला होता. पहाटेच्या पंचवटीने कोट हँगरसकट धरून, घडी मोडू नये म्हणून नाशिक ते व्हीटी उभ्याने गेले. नोकरी मिळाली नाही. नाशिकलाच दुसरी लागली, तिथूनच रिटायर झाले. कोट नंतर लग्नात एकदा घातला, आत्याच्या लग्नात एकदा. संपलं.

"बाबा, मी नेऊ?" विचारलं तर म्हणाले, "ने. पण मापात करून घे, बुजगावणं दिसशील." आईचं वेगळंच. "लोक म्हणतील, पोरीला कपडे घेत नाहीत!"

आमच्या गल्लीतल्या मास्तरांनी कोट उलटा केला, अस्तर चाचपलं, आतली शिलाई पाहिली आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "बाही दीड इंच वर घेतो. खांद्याला हात लावणार नाही. तो उसवला तर पुन्हा असा बसायचा नाही." मीही तेच सांगणार होते. दोनशे रुपये घेतले. माझं फॉल कलेक्शन पूर्ण!

तो कोट घालून मी प्रमोशनच्या इंटरव्ह्यूला गेले. झडपेखालच्या डेस्कवरून उठले, सरळ कॉन्फरन्स रूममध्ये. समोर तिघं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वीस मिनिटं मला कुणीही मधे तोडलं नाही. बाहेर आले तेव्हा वाटलं, झालंच काम.

नाही झालं. प्रमोशन दुसऱ्याला मिळालं.

रात्री बाबांना फोन केला. सांगितलं. एक मोठा सुस्कारा ऐकू आला आणि मग ते हसायलाच लागले. "अगं, तो कोटच पनवती आहे! दोन इंटरव्ह्यू, दोन्ही फेल!" मलाही हसू आवरेना. चाळीस वर्षांत त्या इंटरव्ह्यूबद्दल बाबा हसून बोललेले मी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी सगळं सांगितलं. कुठल्या मजल्यावर होता, काय विचारलं, कुठलं उत्तर चुकलं. पाऊण तास. तेवढं आम्ही एका दमात कधी बोललोच नव्हतो.

शेवटी मी विचारलं, "मग, परत पाठवू का कोट?"

"छे," बाबा म्हणाले. "राहू दे तुझ्याकडेच. तुमच्या ऑफिसात एसी असतो ना?"