टायर बदलला की मीटरचा गज बदलतो

आम्ही कापडवाले. गज दोन बोटे तोकडा निघाला तर गिऱ्हाईक पुन्हा पायरी चढत नाही. मग किलोमीटरवर भाडे मोजताना गाडीचा मीटर आम्ही का तपासत नाही?

मीटर रस्ता मोजत नाही, चाकाचे फेरे मोजतो. १६५/८० आर १४ टायर धरून तो बसवलेला असेल, तर टायरचा व्यास सुमारे ६२० मिलिमीटर. रिंगसकट बदलून १५५/८० आर १३ घातला की व्यास ५७८. मग १०० किलोमीटरच्या फेरीला मीटर १०७ दाखवतो आणि ७ किलोमीटरचे पैसे फुकट जातात. गाडीवाला बेइमानच असतो असे नाही. बिचाऱ्याला स्वस्तात जोडी मिळालेली असते. टायर झिजला तरी एकदोन टक्क्यांचा फरक पडतोच.

शौकाने मोठे टायर घालणाऱ्यांचे उलटे. काटा ८० वर, गाडी ८५ च्या वर. दंडाची पावती काट्याकडे पाहून फाटत नाही.

आमचे मत असे : भाडे ठरवण्याआधी टायरवरचा नंबर गाडीच्या मूळ नंबराशी ताडावा, हमरस्त्यावरच्या दगडांशी दहा किलोमीटर मीटर मिळवून पाहावा आणि फरक निघाला तर तो वजा करूनच चिठ्ठी लिहावी.