भेटीचा व्हिसा आणि भाकरीचा प्रश्न

रत्नागिरी जिल्ह्याची अर्थव्यवस्था एके काळी 'मनीऑर्डरची अर्थव्यवस्था' म्हणून ओळखली जात असे. घरातील कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत राबे आणि गावाकडे कुटुंब पोस्टमनची वाट पाही. 1970 च्या दशकापासून याच वाटेला आखाती देशांचा फाटा फुटला. दुबई, कुवेत, मस्कत, दोहा ही नावे आज कोकणातील घराघरांत परिचित आहेत. आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबेही त्याला अपवाद नाहीत.

परदेशी जाण्याचे नियम मात्र सतत बदलत आहेत. कतारने 2018 व 2020 साली टप्प्याटप्प्याने बहुतेक कामगारांसाठी देश सोडण्याच्या परवान्याची अट काढून टाकली. याउलट कुवेतने 1 जुलै 2025 पासून खाजगी क्षेत्रातील परदेशी कामगारांना असा परवाना सक्तीचा केला. नोकरीच्या आमिषाने नेलेल्या भारतीयांचे अपहरण झाल्याच्या घटनांनंतर इराणने 22 नोव्हेंबर 2025 पासून भारतीयांचा व्हिसामुक्त प्रवेश स्थगित केला. पाच वर्षांपूर्वी गेलेल्या नातेवाइकाचा अनुभव आज उपयोगी पडेलच असे नाही.

या सर्व बदलांत एक धोका मात्र जुनाच आहे. तो म्हणजे भेटीच्या व्हिसावर कामासाठी जाणे.

1983 च्या उत्प्रवास कायद्यानुसार दहावी उत्तीर्ण नसलेल्या बहुतेक व्यक्तींच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असा शेरा असतो. अशा व्यक्तीला आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाण्यापूर्वी सरकारची मंजुरी घ्यावी लागते. अनेकांना हा शेरा अपमानास्पद वाटतो. वस्तुतः ती ढाल आहे. मंजुरीसाठी नोकरीचा करार 'ई-मायग्रेट' या सरकारी प्रणालीत नोंदवावा लागतो. शिवाय प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा काढणे बंधनकारक असते. दोन वर्षांसाठी 275 रुपये भरले की अपघाती मृत्यू वा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपयांचे संरक्षण मिळते.

2007 साली सरकारने नोकरीव्यतिरिक्त अन्य कारणासाठी जाणाऱ्यांना या मंजुरीतून सूट दिली. मुलाला भेटायला जाणाऱ्या आईवडिलांची त्यामुळे सोय झाली, आणि त्याच दारातून एजंटांनी कामगार पाठवण्यास सुरुवात केली. "आधी भेटीच्या व्हिसावर जा, तिथे गेल्यावर बदलून देतो," असे सांगितले जाते. काहींचा व्हिसा खरोखरच बदलून मिळतो, हे नाकारता येत नाही. त्यांच्याच उदाहरणावर एजंटाचा धंदा चालतो. ज्यांना तो बदलून मिळत नाही, त्यांच्याजवळ ना नोंदवलेला करार असतो, ना विमा. संयुक्त अरब अमिरातीत मुदत संपल्यावर दररोज 50 दिरहम दंड चढत जातो. भेटीच्या व्हिसावर काम करणे हाच तेथे गुन्हा असल्याने, मजुरी बुडाली तरी तक्रार करण्याचे धाडस होत नाही. फसवला गेलेला माणूसच कायद्यापुढे आरोपी ठरतो.

ईसीआर पासपोर्ट असलेल्या 30 वर्षांखालील स्त्रियांना या देशांत नोकरीसाठी मंजुरी मिळत नाही. हेतू संरक्षणाचा आहे. परंतु घरकामासाठी जाऊ इच्छिणारी गरजू स्त्री त्यामुळे याच आडवाटेकडे ढकलली जाते. 1983 चा कायदा बदलण्यासाठी केंद्र सरकारने 2025 साली नव्या विधेयकाचा मसुदा जनतेच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. कायदा कोणताही असो, ही आडवाट बंद झाल्याखेरीज गरिबाला न्याय मिळणार नाही, असे आम्हाला वाटते.

तोवर आपण काय करू शकतो? एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासून पाहावा. नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. त्याची पावती मागून घ्यावी. करार, व्हिसा व पासपोर्ट यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. व्हिसावर 'भेट' वा 'पर्यटन' असे लिहिले असेल, तर कामासाठी निघू नये.

आपल्या समाजात आणखी एक अडचण वारंवार येते. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतील नाव एक, शाळेच्या दाखल्यावरील दुसरे आणि आधार कार्डावरील आडनावाचे स्पेलिंग तिसरेच. ही तफावत अर्ज करण्यापूर्वीच दुरुस्त करावी. 1 ऑक्टोबर 2023 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून केवळ जन्मनोंदणीचा दाखलाच ग्राह्य धरला जातो. म्हणून बाप्तिस्म्याच्या तयारीच्या वेळीच पालकांना या नोंदणीची आठवण करून द्यावी.

बाळ येशूला घेऊन पवित्र कुटुंबाला रातोरात मिसर देशाकडे निघावे लागले होते. परक्या भूमीत आसरा शोधणाऱ्याची व्यथा ख्रिस्तसभेला अनोळखी नाही. 2019 पासून जागतिक स्थलांतरित दिन सामान्यतः सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पाळला जातो. त्या दिवशीच्या प्रार्थनेला कृतीची जोड मिळावी. प्रत्येक धर्मग्रामात कागदपत्रे वाचू शकणारे दोन-तीन सुशिक्षित तरुण मिस्सानंतर तासभर बसले, तरी पुष्कळ काम होईल. परदेशी निघालेल्या आपल्या बांधवाला आशीर्वाद तर द्यावाच. पण त्यापूर्वी त्याचा व्हिसा एकदा वाचून पाहावा.