स्त्रीबीज दुसरीचे, तरी आई तीच

प्रति,
राष्ट्रीय सहायक प्रजनन तंत्रज्ञान व सरोगसी मंडळ,
नवी दिल्ली

दात्रीच्या स्त्रीबीजातून जन्मलेल्या मुलाच्या पेशीकेंद्रातली निम्मी जनुके दात्रीकडून येतात. मायटोकॉन्ड्रियातली 37 जनुकेही तिचीच. ज्या स्त्रीच्या पोटात ते मूल वाढते, तिची जनुके त्याला मिळत नाहीत. पण वारेतून पोचणारे अन्न, प्राणवायू आणि संप्रेरके तिची असतात. गर्भाची कोणती जनुके किती काम करतील, यावरही गर्भाशयातल्या वातावरणाचा प्रभाव पडतो. अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो आणि तो तीच पत्करते.

कायद्याने आईपण जनुकांवर सोपवलेले नाही. ब्रिटनच्या 2008 च्या कायद्यानुसार गर्भ वाढवणारी स्त्री हीच आई. भारताच्या 2021 च्या कायद्यानुसार 23 ते 35 वर्षे वयाची स्त्री आयुष्यात एकदाच दान करू शकते आणि तिची सातपेक्षा जास्त स्त्रीबीजे काढता येत नाहीत. जन्मणारे मूल उपचार घेणाऱ्या दांपत्याचे जैविक अपत्य मानले जाते. दात्रीला पालकत्वाचे सर्व हक्क सोडावे लागतात.

ऑगस्ट 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे आलेले प्रकरण याहून गुंतागुंतीचे होते. धाकट्या बहिणीच्या स्त्रीबीजातून सरोगसीने झालेल्या जुळ्या मुलींची भेट आईला नाकारली जात होती आणि बहीण जैविक आई असल्याचा दावा केला जात होता. न्या. मिलिंद जाधव यांनी तो दावा फेटाळून आईला मुलींना भेटण्याचा हक्क दिला. त्या आईचे स्त्रीबीजही नव्हते, गर्भाशयही नव्हते. मूल हवे म्हणून ते जन्माला घालण्याचा निर्णय घेणे आणि त्याची जबाबदारी स्वीकारणे, एवढ्यावर तिचे आईपण उभे राहिले. ते योग्यच झाले.

तरीही घरोघरी या गोष्टीवर पांघरूण घातले जाते. बारशाला आलेल्यांनी ‘बाळ कुणावर गेलं?’ असे सहज विचारले तरी आई धास्तावते. दात्री कळली तर आपले स्थान जाईल, ही भीती खरी असली तरी निराधार आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या सुझन गोलम्बोक यांनी दान केलेल्या बीजातून किंवा सरोगसीने मुले झालेल्या ब्रिटिश कुटुंबांचा मुले वीस वर्षांची होईपर्यंत अभ्यास केला. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सात वर्षांच्या आत मुलांना जन्माची हकिकत सांगू लागलेल्या घरांतले नातेसंबंध अधिक चांगले होते.

भारतीय कायदा मात्र दात्रीची माहिती गोपनीय ठेवतो. राष्ट्रीय नोंदणी, दांपत्याच्या विनंतीवरून वैद्यकीय निकड आणि न्यायालयाचा आदेश एवढेच अपवाद आहेत. सज्ञान झालेल्या मुलाला त्यांत जागा नाही. ब्रिटनने 1 एप्रिल 2005 नंतर नोंदलेल्या दात्यांबाबत हा हक्क दिला: मूल 18 वर्षांचे झाले की त्याला दात्याचे नाव मागता येते. आईचे कायदेशीर स्थान त्याने तसूभरही हलले नाही. ज्याच्या शरीराची ही माहिती आहे, त्यालाच ती नाकारणे अन्यायाचे आहे.

दात्रींना दिलेला गुप्ततेचा शब्द मागे घेऊ नये. पण यापुढे दान करणाऱ्या दात्रीला आधी कल्पना देऊन तिची संमती घ्यावी, आणि 18 वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय नोंदणीतून तिचा वैद्यकीय इतिहास व नाव मिळेल अशी दुरुस्ती मंडळाने केंद्र सरकारला सुचवावी. मुलाला हे कसे सांगावे याचे समुपदेशन उपचार सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक दांपत्याला मिळावे.