ट्रंकेतला परिग्रह

गेल्या दशलक्षणातली गोष्ट. नववा दिवस, उत्तम आकिंचन्य. ‘माझं म्हणावं असं काहीच नाही’ ही भावना म्हणजे आकिंचन्य, असं पंडितजींनी बस्तीत तासभर समजावून सांगितलं. आम्ही बायकांनी माना डोलावल्या. प्रवचन संपलं, आरती झाली आणि दाराशी प्रभावना वाटायला सुरुवात झाली. प्रभावनेत काय? ब्लाऊजपीस. पॉलिस्टरचा, चकचकीत पिशवीतला. मीही हात पुढे केला. ‘नको’ म्हणायचं सुचलंसुद्धा नाही. घरी येऊन तो ठेवायला ट्रंक उघडली, आणि नंतर काही केल्या झाकण बसेना.

म्हणून ट्रंक रिकामी केली. त्रेचाळीस ब्लाऊजपीस निघाले. गुळेदगुड्डचे चार खण, त्यांतल्या दोघांच्या घड्या फाटलेल्या. जुन्या इरकलीचे काठ, पदराचे तुकडे, मुलांच्या सदऱ्यांची कापडं, शिंप्याकडून जपून परत आणलेल्या चिंध्यांचं एक बोचकं. आणि सगळ्यात खाली तीन अर्धवट कौद्या. कोल्हापूरकडच्या बायका जिला वाकळ म्हणतात, पुण्याकडे जी गोधडी, ती आमची धारवाडची कौदी. दोन माझ्या होत्या. तिसरी सासूबाईंची. माझ्या मुलीच्या बारशाला म्हणून त्यांनी ती घातली होती. मुलगी आता सव्वीस वर्षांची आहे आणि सासूबाई जाऊन नऊ वर्षं झाली. कौदीत त्यांची सुई तशीच टोचलेली होती, गंजून.

त्या दिवशी मला जे कळलं ते मी मंडळाच्या बैठकीत सांगितलं, तेव्हा अर्ध्या जणी हसल्या आणि अर्ध्या रागावल्या. इथं जरा नीट मांडते. साठवलेलं कापड आणि अर्धवट टाकलेली कौदी यांना आपण काटकसर म्हणतो. ही काटकसर नव्हे. हा परिग्रह आहे, आणि त्याच्या पोटात हिंसाही आहे.

‘असू दे की ओ, कधीतरी उपयोगाला येईल,’ हे आपलं पहिलं समर्थन. मी ते हजारदा म्हटलंय. पण हे वाक्य आपण सोन्याबद्दल म्हणतो, जमिनीबद्दल म्हणतो आणि चिंधीबद्दलही तेच म्हणतो. लोभाला कापडाची किंमत कळत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात परिग्रह-परिमाण व्रताचे अतिचार दिले आहेत. तिथं शेत, घर, सोनं, धनधान्य यांच्याच ओळीत ‘कुप्य’ आलंय. कुप्यात काय येतं? कापूस-रेशमाची वस्त्रं. म्हणजे आचार्यांना आपली ट्रंक ठाऊक होती. श्रावकानं मर्यादा ठरवायची ती बँकेतल्या ठेवींचीच नव्हे, कपाटातल्या कापडांचीही. आपण दागिने नोंदवून ठेवतो, पण आपल्या घरात किती वार कापड न वापरता पडून आहे ते सांगता येईल का कुणाला?

शिवाय आपल्या डोळ्यांपुढे काय असतं बघा. क्षुल्लकजींकडे एक लंगोटी आणि एक खंडवस्त्र. ते खंडवस्त्रही एवढं तोकडं की डोकं झाकलं तर पाय उघडे पडावेत. आर्यिका माताजींच्या अंगावर एक पांढरी साडी. मुनींनी तर शेवटचा धागाही सोडलेला. त्यांच्या आहाराला आपण शोध करकरून धान्य निवडतो, आणि ज्या हातांनी निवडतो त्याच हातांनी त्रेचाळीसावा ब्लाऊजपीस ट्रंकेत कोंबतो.

आता हिंसेचं. पाणी गाळायला आपण दुहेरी फडकं घेतो. गाळून झालं की जिवाणी जपून परत पाण्यात सोडायची, हे आपल्याला लहानपणी शिकवलंय. थेंबातला जीव सांभाळणारी माणसं आपण. त्याच घरातली ट्रंक वर्षभर उघडत नाही. पावसाळ्यात कापडाला दमट वास सुटतो, घडीत कसर होते, झुरळं अंडी घालतात. मग आपण काय करतो? मूठभर डांबरगोळ्या टाकतो आणि झाकण लावतो. आत काय मरतं ते बघायला नको म्हणून झाकण. जे कापड रोज हाताळलं जातं, धुतलं जातं, उन्हात पडतं, त्यात कसर होत नाही. संग्रह केला म्हणून जीव झाले, आणि संग्रह वाचवायचा म्हणून आपण ते मारले. परिग्रहातून हिंसा जन्मते हे प्रवचनात ऐकताना अवघड वाटतं. ट्रंक उघडली की सोपं आहे.

दुसरं समर्थन वेळेचं. ‘वेळ कुठं मिळतो?’ यातलं निम्मं खरं आहे आणि ते मी आधी मान्य करते. बाईचा वेळ तिच्या नावावर नसतो. ती सुई हातात घेऊन बसली की घरातल्या प्रत्येकाला ती रिकामी दिसते. कुणाला चहा हवा असतो, कुणाचा मोजा सापडत नाही. घरातले पुरुष हसून म्हणतात, ‘काय चिंध्या घेऊन बसलीस!’ ज्यांची कापडाची दुकानं आहेत, त्यांना मला विचारायचंय. तुमच्या दुकानातले न खपलेले कट-पीस म्हणजे ‘माल’. त्याची दिवाळीला मोजदाद होते, वहीत किंमत लागते. आणि आमचे तुकडे तेवढे चिंध्या? तुमचं बसणं धंदा, आमचं बसणं रिकामपण?

हुबळीत बेंगेरीला कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाचं केंद्र आहे. संघ 1957 सालचा. तिथं राष्ट्रध्वज शिवले जातात. शिवणाऱ्या बहुतेक बायकाच. सहा इंच बाय चार इंचाच्या लहान ध्वजापासून एकवीस फूट बाय चौदा फुटांच्या मोठ्या ध्वजापर्यंत मापं ठरलेली, शिलाई ठरलेली, चक्राचे चोवीस आरे दोन्ही बाजूंनी तंतोतंत जुळायला हवेत. त्या बायकांनाही घर आहे, चूल आहे, आजारी सासरे आहेत. तरी तिथं ध्वज अर्धवट राहत नाही. का? कारण तिथं बाईला बसायची जागा आहे, ठरलेली वेळ आहे, आणि ती काम करतेय हे सगळ्यांना मान्य आहे. म्हणजे आपल्या हातांत खोट नाही. खोट घरात आहे, तिथं शिवणाला ना जागा, ना वेळ.

पण उरलेलं निम्मं आपल्यावरच येतं. आपण मोकळ्या दिवसाची वाट बघतो. ‘दिवाळी झाली की बसते’, ‘परीक्षा संपल्या की काढते’. तसा दिवस सासूबाईंना सतरा वर्षांत मिळाला नाही. मलाही मिळणार नव्हता.

तिसरं समर्थन ऐकायला सगळ्यात गोड. ‘जुळणारं कापड मिळालं नाही.’ म्हणून आपण नवं कापड आणायला दुकानात जातो. कौदीसाठी नवं कापड! दोन वार हवं असतं, चार वार घेतो, आणि उरलेले दोन पुन्हा ट्रंकेत. अशी एक अर्धवट कौदी दुसरीला जन्म देते.

आपल्या धारवाडपासून फार लांब नाही, हल्याळ, यल्लापूर, मुंडगोडकडच्या सिद्दी बायकांच्या कौद्या बघा. त्या तिला कवंदी म्हणतात. घरातल्या जुन्या कपड्यांचेच तुकडे. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, कडेकडेनं तुकडे लावत, धावदोरा घालत फिरायचं आणि फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. पुढचा तुकडा कुठला? हाताला लागेल तो. लाल संपला तर निळा. चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या कापडाची त्रिकोणी ‘फुलं’ लावायची. फुलांशिवायची कवंदी त्यांना उघडी-नागडी वाटते, म्हणजे ती पुरी झालेली नसते. जुळणाऱ्या कापडासाठी त्या अडून राहत नाहीत. घरात थंडीनं कुडकुडणारं पोर असलं तर रंग कोण जुळवत बसेल? आपल्या घरात आता थंडीनं कुणी कुडकुडत नाही, म्हणून आपल्याला रंग सुचतात.

इथं बैठकीत एक वहिनी म्हणाल्या, ‘मग अक्का, सगळं दान करून टाका की! सुटलं.’ टाळ्या पडल्या. मला ते पटलं नाही. ऑगस्ट 2019 च्या महापुरात बेळगाव-धारवाडकडची गावं पाण्यात गेली, तेव्हा मीही कपड्यांचं गाठोडं बांधून दिलं होतं. आज आठवलं की लाज वाटते. त्यात नाडी नसलेले परकर होते, उसवलेले ब्लाऊज होते. ज्यांचं घर वाहून गेलंय त्यांना मी माझी अडगळ पाठवली आणि वर पुण्यही मोजलं. दान देताना वस्तू घेणाऱ्याच्या कामाची हवी. न शिवलेले त्रेचाळीस ब्लाऊजपीस दुसऱ्याच्या ओटीत घालणं हे दान नव्हे, ट्रंक बदलणं आहे. तेच तर आपण वर्षानुवर्षं करतोय. एकच ब्लाऊजपीस चार हळदीकुंकवं फिरून पुन्हा माझ्याकडे आलेला मी ओळखलाय. पिशवीवर माझ्याच हातची हळद होती.

मग करायचं काय? आपल्याकडे याचं उत्तर जुनं आहे. नियम घ्यायचा. झेपेल एवढाच, पण मोडायचा नाही.

त्या वर्षीचा चातुर्मास निम्मा सरला होता, म्हणून मी पुढच्या आषाढापर्यंत थांबले नाही. (थांबले असते तर तेही चौथं समर्थन झालं असतं.) दुसऱ्याच दिवशी बस्तीत हात जोडून नियम घेतला. रोज एक सुई दोरा. हातभर दोरा ओवायचा, तो संपेपर्यंत धावदोरा घालायचा, संपला की उठायचं. जास्त नाही, कमी नाही. दुसरा नियम, ही कौदी पुरी होईपर्यंत घरात कापडाचा एक तुकडाही आणायचा नाही, कुणी दिला तरी. तिसरा, लागणारं सगळं ट्रंकेतूनच.

एका सुईला वीस मिनिटं लागतात. सामायिकाहून कमी. पहिल्या आठवड्यात हसू आलं, कारण वीतभरसुद्धा सरकल्यासारखं दिसेना. आपल्या कशिद्याची गवंती आठवून मी मन घट्ट केलं. गवंतीत जाताना एकाआड एक टाके पडतात, मध्ये सगळी भोकं. बघणाऱ्याला वाटतं, हे काय काढतेय? येताना तीच भोकं भरत यायचं, तेव्हा रेघ सलग होते. अर्ध्यात थांबली तर नुसत्या तुटक खुणा. आपल्या अर्ध्या कौद्या म्हणजे जातानाचे टाके आहेत. परतायचं राहून गेलंय.

उरलेल्या भागाला चौऱ्याण्णव सुया दोरा लागला. मधले नऊ दिवस पाहुण्यांमुळे आणि तापामुळे चुकले, त्याचं प्रायश्चित्त म्हणून नंतर नऊ दिवस दोन-दोन सुया. मार्गशीर्ष सरायच्या आत कौदी झाली. नवऱ्यानं पहिल्या महिन्यात दोनदा हाक मारली. मी ‘सुई संपली की येते’ म्हटलं. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःच चहा केला. एवढं व्हायला सव्वीस वर्षं का लागली, हा प्रश्न मी त्यांना विचारलेला नाही. वीस मिनिटं माझी आहेत असं त्याआधी मीच कधी म्हटलं नव्हतं.

सासूबाईंचे टाके मी उसवले नाहीत. त्यांचे बारीक आहेत, माझे ढोबळ. कुठं त्या थांबल्या आणि कुठून मी सुरू केलं ते आंधळ्यालाही हाताला कळेल. मध्याला खणाचा तुकडा लावला, फाटलेल्या घडीचा चांगला भाग. मुलगी सुट्टीला आली तेव्हा तिला दिली. तिनं विचारलं, ‘आजीचं कुठपर्यंत आहे?’ मी बोट ठेवून दाखवलं. ती बराच वेळ त्या जागेवर हात फिरवत बसली. ही कौदी तशीच गंजक्या सुईसह राहिली असती तर माझ्यानंतर कुणीतरी ती बोहारणीला देऊन वाटी घेतली असती. त्या बाईची चूक नसती, माझी असती.

तेव्हा बायांनो, पुढच्या चातुर्मासासाठी मंडळापुढे माझ्या तीन मागण्या आहेत. प्रभावनेत आणि ओटीत ब्लाऊजपीस बंद. द्यायचंच तर नारळ द्या, धान्य द्या, शास्त्राची एखादी पोथी द्या. दुसरं, दशलक्षणाच्या चौथ्या दिवशी उत्तम शौच असतं. शौच म्हणजे लोभाचा मळ काढणं. त्या दिवशी प्रत्येकीनं घरी ट्रंक उघडून मोजदाद करावी आणि आकडा स्वतःपुरता वहीत लिहावा. तिसरं, दुपारच्या स्वाध्यायानंतर बस्तीच्या पडवीत वीस मिनिटं आपलं अर्धवट काम घेऊन बसायचं. नवं सुरू करायचं नाही. प्रदर्शन नको, बक्षीस नको, फोटो नको. चांगल्या सुती तुकड्यांतून आधी गाळण्याची फडकी आणि शास्त्रांची वेष्टनं करू, मग कौद्या पुऱ्या करू. पुऱ्या झालेल्या, धुतलेल्या कौद्या कुणाला द्यायच्या ते मग बोलू. देण्यासारखं काहीतरी हातात असेल.

माझ्या स्वतःच्या दोन कौद्या अजून बाकी आहेत. एकीवर बसलेय, आजची एकतीसावी सुई. आणि येत्या आकिंचन्याच्या दिवशी दाराशी ब्लाऊजपीस असला तर मी हात पुढे करणार नाही. वाटणारीनं राग मानू नये.